लेकीच्या घरचं पाणी

विहिणीला बरोबर घेऊन सायकलवर मुलूख पालथा घालणारी बाई नगरच्या अख्ख्या सावेडीत एकच होती, आणि ती म्हणजे सत्यशीला. लोक मैत्रिणीबरोबर जातात, फार तर बहिणीबरोबर. हिच्या वाट्याला आली सुनेची आई.

आणि सुनेची आई तरी कशी, तर कोल्हारची लंकाबाई. परकर-पोलक्यात असल्यापासून प्रवरेच्या काठाने दुधाच्या किटल्या लावून सायकल हाणलेली. पन्नाशी उलटली तरी चढ आला की सीटवरून उठायची आणि साडीखालची ट्रॅकपॅन्ट दाखवत दणादणा पायडल मारत पुढे निघून जायची. सत्यशीला सायकल शिकली तीच चाळिशी उलटल्यावर, मोबाईलवर व्हिडिओ बघून, कॉलेजच्या मैदानावर, ढोपरं फोडून घेत. तिला तसं डगमगताना बघून लंकाबाई पहिल्यांदा तोंडाला पदर लावून हसली होती. मग म्हणाली, "ईनबाई, द्या बरं इकडं," आणि कॉलनीला गरकन एक चक्कर मारून आली. गेट धरून उभी राहिलेली सून, निकिता, आपल्या आईकडे बघतच राहिली. त्या दिवसापासून ही जोडी जमली.

गेल्या हिवाळ्यात दोघी बायकांच्या एका ग्रुपबरोबर जैसलमेरहून बाडमेरला जाऊन आल्या. वाळूत चाकं रुतायची, वारा तोंडावर यायचा. एका ठिकाणी बाटल्या संपल्या तेव्हा उंटांसाठी बांधलेल्या टाकीतलं पाणी लंकाबाईने पदराने गाळलं आणि घटाघटा प्यायली. बाकीच्या बायका बघत राहिल्या. "उंटाचं पोट बिघडत न्हाई, आपलं कशाला बिघडंल?" ती म्हणाली. आणि खरंच, काही बिघडलं नाही.

पुढल्या वर्षी मनालीहून लेहला जायचं घाटत होतं. तिकडे वाळवंट आणि डोंगर एकाच जागी असतात, असं ग्रुपमधली पोरगी सांगायची. त्याचा सराव म्हणून एप्रिलच्या शेवटी, सामान लादून, गर्भगिरीचा डोंगर ओलांडायचं सत्यशीलाने ठरवलं. नगरहून करंजीपर्यंत मोठा रस्ता, तिथून आत वळून घाट चढायचा, पलीकडे उतरून मढीला मुक्काम. ठरवणारी नेहमी सत्यशीलाच. लंकाबाई फक्त "व्हय" म्हणायची. मुलाच्या आईला नाही म्हणायचं नसतं, हे तिच्या हाडात मुरलेलं होतं.

आदल्या संध्याकाळी ती सायकल एसटीच्या टपावर टाकून सावेडीत आली. येताना नेहमीसारखी भाकरी फडक्यात बांधून आणि पाण्याचा कॅन गावाकडून भरून. निकिताच्या लग्नाला सहा वर्षं झाली, पण या घरात आली की तिचं खाणंपिणं तिच्याबरोबरच यायचं. "नगरचं पानी मला मानवत न्हाई, ईनबाई. लगेच पोट धरतं." सत्यशीलाने पहिल्यापहिल्यांदा फिल्टर दाखवला, उकळून देते म्हणाली. मग सोडून दिलं. प्रत्येकाचं पोट वेगळं.

पहाटे निकिताने सत्यशीलाच्या तिन्ही बाटल्या भरल्या. लिंबू, मीठ, साखर. गॅसवर सत्यशीलाचा चहा उकळत होता. तिला सकाळी दोन कप लागायचे आणि पुढे दिवसभर जिथे मिळेल तिथे. चहाचा वास दरवळला तशी निकिता नाक दाबून गॅलरीत जाऊन उभी राहिली. हल्ली तिचं हे असंच चाललं होतं. पित्त झालं असेल, सत्यशीलाने मनात म्हटलं, आणि आल्यावर तिला कोकम द्यायचं ठरवलं.

करंजी सोडून आत वळल्यावर घाटाच्या पायथ्याशी रस्त्यात आडवा बांबू आणि पाटी: काम चालू, रस्ता बंद.

"बंद गाड्यांना," सत्यशीला म्हणाली. "आपण उचलून नेऊ. उलट बरंच झालं, ट्रकचा त्रास नाही."

लंकाबाईने डोंगराकडे बघितलं, मग सूर्याकडे. "तुमाला ट्रकची भीती हाय. मला उन्हाची."

"दहाच्या आत वर पोचतो की."

"व्हय," लंकाबाई म्हणाली.

दहाच्या आत कुठलं पोचणं! पहिल्याच वळणावर वेड्या बाभळीचा काटा सत्यशीलाच्या मागच्या चाकात शिरला. ट्यूब काढली, चिकटवली, हवा भरली. अर्ध्या मैलावर पुढचं चाक बसलं. ते उरकेपर्यंत ऊन असं चढलं होतं की पंपाच्या दांड्याला हात लावायची सोय राहिली नाही. डोंगर गवताने पिवळाही नव्हता, नुसता भाजलेला होता. झाडं म्हणाल तर इथे एक बाभूळ, तिथे एक हिवर. काम चालू असलेल्या रस्त्यावर काम करणारं कुणी नव्हतं. एक रोलर तेवढा कडेला उभा होता, त्याच्या सीटवर सरडा.

पुढे रस्ता खणून काढलेला होता. खडीचे ढीग, मध्ये नाल्यासारखा चर. दोघींनी सायकली उचलून पलीकडे न्यायच्या ठरवल्या. आधी सत्यशीलाची नेली. मग लंकाबाईची. चराच्या काठावर खडी सरकली, लंकाबाईचा तोल गेला, तिने सायकल सोडली नाही पण कॅरिअरला रबराने बांधलेला कॅन सुटला. धपकन खाली पडला आणि बुडाशी चिरला. पाणी खडीत असं शिरलं की ओल दिसेपर्यंत वाळलीसुद्धा.

लंकाबाई त्या चिरलेल्या कॅनकडे जरा जास्तच वेळ बघत उभी राहिली.

"जाऊ द्या हो," सत्यशीला म्हणाली. "माझ्याकडे दोन बाटल्या भरलेल्या आहेत. ही घ्या तुम्ही. आज एक दिवस धरू द्या पोट."

लंकाबाईने बाटली घेतली. "व्हय," म्हणाली.

नंतर सत्यशीलाने पुन्हापुन्हा आठवून बघितलं. तेव्हाच कळायला हवं होतं. पण चढाला लागलं की माणूस स्वतःच्या गुडघ्यांपलीकडे बघत नाही.

काहीतरी चुकतंय हे तिला कळलं ते वेगळ्याच गोष्टीने: ती पुढे होती. चढावर सत्यशीला पुढे आणि लंकाबाई मागे, असं आजवर कधी झालं नव्हतं. तिने वळून बघितलं. लंकाबाई सायकल हाताने ढकलत येत होती, मान खाली घालून. मध्येच थांबली, बाटली तोंडाला लावली, मानेवर थोडं पाणी ओतल्यासारखं केलं, पुन्हा चालू लागली.

"पाणी पीत राहा हो!"

हात वर झाला. पिते म्हणून.

पुढच्या वळणावर सत्यशीला थांबली. लंकाबाई आली ती सायकल डाव्या बाजूला झुकवत, दारू प्यायलेल्या माणसासारखी. तोंड लालभडक आणि कोरडं. घाम नव्हता. इतक्या उन्हात चढ चढलेल्या बाईच्या कपाळावर घामाचा थेंब नाही, हे बघितल्यावर सत्यशीलाने आपली सायकल रस्त्यातच सोडून दिली.

"विहीणबाई, बसा. बसा आधी."

"निके, शेळ्या आत घेतल्या का गं?" लंकाबाई म्हणाली.

सत्यशीलाने तिची सायकल धरली, ती आडवी टाकली, आणि तिला काखेत हात घालून जवळच्या हिवराखाली नेलं. हिवराची सावली ती किती! चाळणीखाली बसल्यासारखं. सत्यशीलाने दोन्ही सायकली झाडाला टेकवल्या, त्यांच्यावर बॅगेतली चादर टाकली, कोपरे दगडांनी दाबले. त्याखाली लंकाबाईला आडवं केलं. अंगाला हात लावला तर तव्याला लावल्यासारखा. पोटरीत गोळे आलेले दिसत होते, साडीखाली काहीतरी वळवळावं तसे.

मोबाईल काढला. रेंज नाही. वर धरला, झाडापासून लांब जाऊन धरला, दगडावर चढून धरला. नाही. खाली उतरायला तो खणलेला रस्ता, वर चढाचा शेवट दिसत नव्हता. हिला इथे टाकून कुठे जायचं?

ती परत आली आणि लंकाबाईच्या हाताशी पडलेली बाटली उचलली. उचलली आणि तिचा हात थबकला.

बाटली जड होती.

झाकण उघडून बघितलं. गळ्यापासून दोन बोटं कमी, बस्स. तेवढी मानेवर ओतली असणार. कॅन फुटून तास उलटून गेला होता. तासभर ही बाई बाटली तोंडाला लावत होती आणि एक घोट गिळत नव्हती.

"अहो! तुम्ही प्यायलाच नाहीत?"

लंकाबाईने डोळे मिटून घेतले.

"विहीणबाई, मस्करी नाही ही. उठा. प्या."

बाटली ओठांना लावली. लंकाबाईने तोंड घट्ट मिटलं आणि मान वळवली. पाणी हनुवटीवरून गळ्यात गेलं. एवढी शुद्ध तिला होती. शेळ्या आत घ्यायला सांगणाऱ्या बाईला तोंड मिटायचं मात्र बरोबर कळत होतं.

"मला मानवत न्हाई."

"आत्ता पोटाचं काय घेऊन बसलात? जीव..."

आणि बोलता बोलता सत्यशीला थांबली. तिच्या डोळ्यांपुढे उंटांची टाकी आली. हिरवट पाणी, त्यावर तरंगणारं गवत, पदराने गाळून घटाघटा पिणारी ही बाई. बाडमेरच्या टँकरचं प्यायली. ढाब्यावरच्या मळकट पिंपातलं प्यायली. रस्त्यात फौजींच्या कॅनमधलं प्यायली. तिला जगात एकाच घरचं पाणी मानवत नव्हतं.

सत्यशीला तिथेच मांडी घालून बसली.

"लेकीच्या घरचं," ती हळूच म्हणाली. "लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही. तेच ना? माझी आजी असं करायची. सहा वर्षं तुम्ही ते पाळताय?"

लंकाबाईच्या मिटल्या डोळ्यांच्या कडेने काहीतरी ओघळलं. तेवढं पाणी अंगात कुठे शिल्लक होतं कोण जाणे.

"मग सांगायचं सरळ. पोट बिघडतं म्हणून कशाला सांगितलंत?"

"कसं सांगू?" लंकाबाईचा आवाज घशात खरखरत होता. "दोनदा गेलं तिचं. दोनदा. तिच्या दारात जाऊन तुझ्या घरचं पानी घेत न्हाई म्हनलं, तर तिला काय वाटंल? रोज उठून आईनं डाग दिल्यावानी. म्हून म्हनलं, नगरचं पानी वाईट. पान्याला काय, पान्याला वाईट वाटत न्हाई."

सत्यशीलाला वाटलं, आपल्याच पोटरीत गोळा आलाय. या बाईने सहा वर्षं नेम पाळला होता आणि सहा वर्षं तो लेकीपासून लपवलाही होता. आणि आपण तिला फिल्टर दाखवत होतो.

पण हे सगळं नंतर. आत्ता तिच्या अंगावर हात ठेवला तरी भाजत होतं.

"बरं. ऐका. ही बाटली निकिताने भरलेली नाही. करंजीला हॉटेलात भरून घेतली मी."

"पहाटं ती भरत हुती तवा म्या तिथंच हुते. लिंबाची बी काढत हुती चमच्यानं."

"मग विकत घ्या माझ्याकडून. एक रुपया द्या. विकतचं पाणी घरचं नसतं."

"देवाला येड्यात काढता व्हय?" लंकाबाई म्हणाली. त्याही स्थितीत तिच्या ओठाच्या कोपऱ्यात हसू आल्यासारखं झालं. लगेच तिला उमासा आला, ती कुशीवर वळली, ओकारी आली पण बाहेर काही पडलं नाही. दोन्ही हातांनी तिने पोट धरलं. पुन्हा आडवी झाली तेव्हा तोंड लाल राहिलं नव्हतं, राखेसारखं झालं होतं.

सत्यशीलाने ओढणी भिजवली. मानेवर ठेवली, काखेत ठेवली, टोपीने वारा घालत राहिली. ओढणी बघता बघता वाळत होती. पुन्हा भिजवली. सत्यशीलाची स्वतःची बाटली त्यातच संपली. वरून घार ओरडली.

"लंकाबाई," सत्यशीला म्हणाली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिने नाव घेतलं. "तुम्ही इथे गेलात तर मी निकिताला काय सांगू? तुझी आई तहानेने गेली आणि तिच्या उशाशी तू भरून दिलेली बाटली होती, असं सांगू?"

लंकाबाईने तिचं मनगट धरलं. पकडीत जोर नव्हता. "ईनबाई. तुमाला सांगायचं नव्हतं. तिनं शपथ घातलीया. तिसरा म्हैना लागलाय तिला."

सत्यशीलाचा टोपी धरलेला हात थांबला.

"दोन्ही बारीला तुमी पेढे वाटले. आन् मग लोकांना सांगत बसावं लागलं. म्हून ती म्हनली, ह्या बारीला पाचवा लागल्याबिगर मम्मींला सांगायचं न्हाई." लंकाबाई थांबली, धाप लागली. "आता, आत्ताच म्या नेम मोडू? सहा वर्सं राखला, आन् शेवटाला, माझ्या एका घोटासाठी तिचं पुन्यांदा... न्हाई. मला न्हाई प्यायचं. मला काय झालं तरी चालंल."

गॅलरीत नाक दाबून उभी राहणारी निकिता. पित्त. कोकम. एका घरात राहून, एका ओट्यावर उभं राहून, आपल्याला कळलं नाही. आपण बायकांचे कपडे शिवणारी, दोन शिलाई मशिनी, गल्लीभरच्या बायकांची मापं तोंडपाठ, आणि घरात वाढणारं पोट दिसलं नाही. सत्यशीलाला हसूही आलं आणि तिला कुणीतरी थोबाडीत मारल्यासारखंही वाटलं. पेढे तिनेच वाटले होते. दोन्ही वेळा. खरं होतं ते.

आणि आता या बाईला काय म्हणायचं? असं काही नसतं म्हणायचं? तिने स्वतः कधी असले नेम पाळले नव्हते. पण दुसऱ्या खेपेला, हॉस्पिटलच्या बाकावर बसून, आपण दारात लिंबू कापलं होतं का, अमावास्येला शिवण घेतलं होतं का, हे तिनेही आठवून बघितलं होतं. रात्रभर. कुणाला सांगितलं नव्हतं इतकंच. समजावून ही भीती जात नसते. तिला हटवायला दुसरी भीतीच लागते.

ती उठली आणि लंकाबाईच्या पायांशी जाऊन बसली. बुटाची नाडी सोडायला लागली.

"काय करता?"

सत्यशीलाने बूट काढला, मोजा काढला. टाच भेगाळलेली, अंगठ्याचं नख काळं पडलेलं. तापलेला पाय तिने आपल्या मांडीवर घेतला.

"लग्नात तुम्ही माझे पाय धुतलेत," ती म्हणाली. "सगळ्या मांडवासमोर. वाकून. आठवतं?"

आठवत तर होतंच. अल्बममध्ये तो फोटो होता. वरमाई म्हणून सत्यशीला खुर्चीवर बसलेली, नवी पैठणी, नजर कॅमेऱ्याकडे. आणि मुलीची आई खाली, परातीवर वाकलेली, तिच्या डोक्यावरचा पदर तेवढा दिसतो. अल्बम चाळताना सत्यशीला नेहमी ती दोन पानं एकदम उलटायची.

"आता मी तुमचे धुते."

लंकाबाईने पाय ओढून घ्यायचा प्रयत्न केला. ओढला गेला नाही. "ईनबाई! खूळ लागलं का? मुलाची आई तुमी! माझ्या पायाला हात? सोडा. सोडा म्हनते!"

"का? काय होतं त्याने?"

"पाप लागंल!"

"कुणाला?"

लंकाबाईने दुसरा पाय साडीखाली ओढून घेतला.

"मला नाही माहीत," सत्यशीला म्हणाली. ती मुद्दाम हळू बोलत होती. "वरमाईने मुलीच्या आईचे पाय धुतले तर काय लागतं आणि कुणाला लागतं, ते मला कुणी शिकवलं नाही. तुम्हाला शिकवलंय. तुम्हीच ठरवा, कुठलं मोठं. प्यायलात तर तो एक दोष. नाही प्यायलात तर मी हे पाय धुणार, आणि पाणी संपेपर्यंत धुणार."

निर्दयपणा होता तो. तिला कळत होतं. आजारी माणसाच्या भीतीला हात घालणं याच्यासारखं वाईट काम नाही. तिने लंकाबाईची ती बाटली तिरकी केली.

पाणी लंकाबाईच्या पावलावर पडलं. धुळीतून वाट काढत बोटांच्या बेचक्यात गेलं, तिथून मातीत. माती काळी झाली.

"ईनबाई, ते शेवटचं हाय!"

"हो."

"तुमाला काय ऱ्हाईल मग?"

"काही नाही."

आणखी थोडं ओतलं. सत्यशीलाने तळवा चोळला, घोट्यापर्यंत ओला हात फिरवला, जसा तेव्हा त्या मांडवात लंकाबाईने तिच्या पायावरून फिरवला होता. तिला स्वतःला इतकी तहान लागली होती की ते पाणी मातीत मुरताना बघवत नव्हतं. तरी ती ओतत राहिली. बाटली हलकी व्हायला लागली. लंकाबाईकडे तिने बघितलं नाही. बघितलं असतं तर तिचा हात थांबला असता, आणि हात थांबला असता तर सगळं संपलं असतं.

"बास!" लंकाबाई कोपरावर उठली. कशी उठली कोण जाणे. "बास, माझी बाय. पाय सोडा. द्या इकडं."

सत्यशीलाने एका हाताने तिची मान धरली आणि दुसऱ्या हाताने बाटली. लंकाबाईने डोळे मिटले, पुटपुटत काहीतरी म्हणाली, देवाचं की लेकीचं नाव ते कळलं नाही. आणि प्यायली. एक घोट. घसा हलला. पाणी खाली उतरताना तिचं सगळं अंग शहारलं.

"हळू. एकदम नाही. थांबा. आता परत."

घोट, मग थांबणं, मग घोट. सत्यशीलाला वाटलं होतं, ही रडेल. पण लंकाबाई ओठ चाटून म्हणाली, "मीठ जास्त घातलंय. कवापासून सांगते, हात आखडता घे म्हून."

सत्यशीलाच रडली मग. टोपीआड तोंड करून, दोन मिनिटं.

"तुम्ही प्यायला नाहीत," नाक पुसून ती म्हणाली. "मी पाजलं. जे काय असेल ते माझ्या नावावर."

"तुमच्या नावावर म्हंजे? नातू तुमचा बी तोच हाय का न्हाई?"

"म्हणूनच."

लंकाबाईने उरलेली बाटली पुढे ढकलली. "आता तुमी प्या. तोंड बघा कसं झालंय, वाळल्या खारकंवानी."

ऊन कलेपर्यंत त्या तिथेच पडून राहिल्या. लंकाबाईच्या कपाळावर पहिला घाम फुटला तेव्हा सत्यशीलाने तो बोटाने टिपून बघितला, खरा आहे का म्हणून. लंकाबाईला लघवीला जावंसं वाटलं, तेव्हा तर सत्यशीलाला पेढे वाटावेसे वाटले. पण पेढ्यांचं नाव काढायचं नव्हतं. मग दोघी उठल्या. सायकली ढकलत, दहा पावलांवर थांबत, खिंडीपर्यंत गेल्या. वर वाऱ्याची झुळूक होती आणि पलीकडे उतार.

उतारावर सत्यशीलाने लंकाबाईला पुढे घातलं आणि स्वतः ब्रेकवर बोटं आवळून मागे राहिली. पुढच्या सायकलचं हॅन्डल जरा थरथरलं तरी "हळू!" म्हणून ओरडत होती. "ईनबाई, गप ऱ्हावा," पुढून आवाज आला, "तुमच्या वरडन्यानंच पडंल मी." हे ऐकल्यावर तिला जरा बरं वाटलं.

डोंगराखाली शेतातली एक वस्ती लागली. पत्र्याचं घर, दारात बोअरची टाकी, टाकीपाशी भांडी घासत बसलेली म्हातारी. दोघींचे अवतार बघून ती काही न विचारता उठली आणि तांब्या भरून आणला. लंकाबाई ओट्यावर भिंतीला टेकून बसली. तेवढ्यात मोबाईल वाजायला लागला. रेंज आली होती. निकिताचे चुकलेले फोन खाली खाली जात संपेचनात.

सत्यशीलाने उचलला, स्पीकर लावला.

"मम्मी! कुठे आहात तुम्ही? किती फोन केले! बरं आहे ना सगळं? पाणी पुरलं का?"

सत्यशीला तोंड उघडणार, तेवढ्यात लंकाबाईने मोबाईल ओढून घेतला.

"पुरलं. पन मीठ लई झालं हुतं."

रेंज गेली का म्हणून सत्यशीलाने वाकून बघितलं. गेली नव्हती.

"आई," निकिताचा आवाज अगदी बारीक झाला होता. "तू प्यायलीस?"

"व्हय."

"आपल्या घरचं?"

लंकाबाईने सत्यशीलाकडे बघितलं. दोघींच्याही एकदमच लक्षात आलं. पोरीला माहीत होतं. पहिल्यापासून.

"तू यायचीस त्या प्रत्येक वेळी मी तुझ्यासाठी तांब्या भरून ठेवायचे," निकिता म्हणाली. "तू गेल्यावर कुंडीत ओतायचे. वाटायचं, एखाद्या दिवशी घेशील."

लंकाबाईने मोबाईल परत सत्यशीलाच्या हातात दिला आणि पदर तोंडावर ओढून घेतला. वस्तीवरची म्हातारी लांबून बघत होती. कुणीतरी गेलं असेल असं समजून तिने डोक्यावरचा पदर सारखा केला.

"निकिता, ऐक," सत्यशीला म्हणाली. "मी निघाल्यावर चहा केला नाहीस ना घरात?"

"नाही. का?"

"उद्यापण करू नकोस."

पलीकडून एक हुंदका, किंवा हसू, फोनवर ते सारखंच ऐकू येतं. "आईने सांगितलं तुम्हाला?"

"तिची काही चूक नाही. ऊन होतं. मी कुणाला बोलणार नाही. पेढे नाही, काही नाही. तू झोप जरा." तिने फोन ठेवला. पाचवा महिना लांब होता, नववा तर कुठल्या कुठे. घाट चढून संपला होता, पण हा नव्हता संपला.

म्हातारी आतून बाहेर आली. हातात ताटली, ताटलीत दोन कप. दाट, लालसर, वरून साय धरलेला चहा. वाफ सत्यशीलाच्या नाकात गेली. पहाटेपासून तिने चहा घेतला नव्हता; दिवसभरात दुखलं नव्हतं तेवढं तिचं डोकं आत्ता दुखत होतं. हात आपोआप पुढे गेला.

आणि मध्येच मागे आला.

"मला नको, आजी," ती म्हणाली. "मानवत नाही."

लंकाबाईने तोंडावरचा पदर बाजूला केला आणि तिच्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. आपला कप उचलला, बशीत ओतला, आणि सत्यशीलाला वास येऊ नये म्हणून जरा पलीकडे तोंड करून प्यायली.